टोकदार अंडे म्हणजे कोंबडा? नाही!

‘टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, गोल अंड्यातून तलंग’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पिल्लू नर की मादी, हे कोंबडीच्या बीजातल्या झेड किंवा डब्ल्यू गुणसूत्रावर ठरते, आणि तेही कवच चढण्याच्या कितीतरी तास आधी. (कोंबड्याचा यात हातच नाही, तो दर वेळी झेडच देतो.) अंड्याचा आकार नंतर बीजनलिकेत घडतो, आत कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

पंखांवरून पहिल्याच दिवशी ओळखता येते, हे अर्धे खरे. मादीची पंखपिसे लांब-आखूड आणि नराची सारखी दिसतात, पण त्यासाठी मुद्दाम केलेल्या संकरातच. इतर पिल्लांत ही खूण फसवते.

गुदद्वार तपासण्याची पद्धत जपानी तज्ज्ञांमुळे १९३० च्या दशकात जगभर पसरली. तिला सरावलेला हात लागतो. नवख्याने दाबून पाहिले तर पिल्लूच दगावायचे.

घरी सहा-आठ आठवडे थांबा. नराचा तुरा सहसा आधी वाढतो, लाल होतो. तीनेक महिन्यांत कमरेवर टोकदार, चकचकीत पिसे आली, की बहुतेक जातींत तो कोंबडाच.