चुंबनाने एचआयव्ही होतो? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चुंबन, हाताने केलेला स्पर्श, कपड्यांवरून झालेली जवळीक यांतूनही एचआयव्ही होतो, पंधरा दिवसांत ताप, घशात खवखव किंवा जिभेवर पांढरा थर दिसला तर लागण झालीच समजा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी वर्षभर दर महिन्याला तपासत राहा. हे वाचून माणसांची झोप उडते, जेवण तुटतं. म्हणून एकेक दावा नीट पाहू.

पहिला दावा चुकीचा आहे. एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्यापूर्वीचा स्राव, योनीतला व गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. लाळ, घाम, अश्रू यांतून नाही. शरीराबाहेर तो फार काळ टिकत नाही आणि वाढत तर नाहीच. यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पण माझ्या नखाजवळचं साल निघालं होतं, तिथे लाळ लागली.’ तरीही नाही. चुंबनाला एकच अपवाद आहे, तोही अत्यंत दुर्मिळ: दोघांच्याही तोंडात जखमा असाव्या लागतात आणि रक्त येत असावं लागतं.

लक्षणांवरून तर काहीच ठरत नाही. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत फ्लूसारखा त्रास होऊ शकतो. कित्येकांना काहीच होत नाही. उलट घाबरलेला माणूस मोबाईलचा टॉर्च लावून दिवसातून दहादा जीभ बघतो. मानेवरची गाठ चाचपून चाचपून ती जागा खरोखरच दुखायला लागते. संध्याकाळी थर्मामीटर थोडा वर गेला की धस्स होतं, पण निरोगी माणसाचं तापमानही संध्याकाळी थोडं वाढतंच. संपर्क कसा झाला, यावरून धोका ठरतो. जिभेच्या रंगावरून नाही.

वर्षभर तपासण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी अँटिजन-अँटिबॉडी चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं, दोन्ही शोधणारी) 18 ते 45 दिवसांत लागण पकडते. फक्त अँटिबॉडी बघणाऱ्या चाचण्यांना 23 ते 90 दिवस लागतात. मध्ये नवा धोका आला नसेल, तर त्या मुदतीनंतरचा निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्हच. मेसेजमधल्या चुंबन, स्पर्श अशा संपर्कांनंतर खरं तर चाचणीची गरजच नसते. केलीच तर मुदतीनंतर एकदा करा. पुन्हा पुन्हा केल्याने दोन दिवस बरं वाटतं, मग ‘नमुने बदलले तर नसतील?’ असा नवा किडा डोक्यात शिरतो. रिपोर्ट हातात असूनही मन मानत नसेल, तर उपचार त्या भीतीवर हवेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, अशा चिंतेवर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जे सांगायला हवं होतं, ते या मेसेजमध्ये नाहीच. जवळिकीतून दुसरे संसर्ग होऊ शकतात: हर्पिस (फोड आणणारा विषाणूसंसर्ग) चुंबनातूनही पसरतो, एचपीव्ही (गुप्तांगावर चामखिळी आणू शकणारा विषाणू) त्वचेच्या संपर्कातून, सिफिलिस (जिवाणूंमुळे होणारा लैंगिक आजार) व्रणाला झालेल्या स्पर्शातून. म्हणून फोड, व्रण, जळजळ किंवा स्राव दिसला तर डॉक्टरांना दाखवा. आणि कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर वाट बघू नका: पीईपीच्या (संपर्कानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायच्या) गोळ्या 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.