वश्याचा तळमजला

बिल्डिंगला लिफ्ट बसवायची की नाही यावर रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये काय झालं ते सगळ्या डोंबिवलीला माहीत आहे, ते सोडा. सोमवारी टपरीवर वश्या कटिंग घेऊन पुन्हा सुरू झाला. "मी तळमजल्यावर राहतो. लिफ्टचे पैसे मी का देऊ? वर दोर तुटला की ते धूड माझ्याच डोक्यावर!"

"डोक्याला आणखी काय होणारे?" सुधा म्हणाली. ती चौथ्या मजल्यावर राहते, घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेली सासू. (मी तिसऱ्यावर. तेव्हा मी तटस्थ वगैरे नाही.)

"आणि दोर तुटला तरी पडत नाही, वश्या," सुधाने पुढे चालू ठेवलं. "१८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा माणूस स्वतः लिफ्टच्या पाळण्यावर उंच उभा राहिला आणि भरगर्दीत दोर कापायला लावला. पाळणा तिथल्या तिथे अडकला."

"जादूचे प्रयोग!"

"जादू नाही, घोडागाडीचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंग." तिने पक्याच्या खिशातून कंगवा काढला (केस गेले, कंगवा राहिला) आणि दोन टोकं धरून वाकवला. "दोर ताणलेला असतो तोवर पाटा असा. दोर तुटला की सरळ होतो, टोकं बाजूच्या दातेरी पट्ट्यांत घुसतात." कंगवा सरळ झाला तो थेट वश्याच्या चहात.

"आमच्या गावी विहिरीवर मोट होती. तीही लिफ्टच," वश्या कंगवा झटकत म्हणाला.

"माल वर चढवायला तेव्हाही येत होतंच. दोर तुटल्यावर काय, हे ओटिसने सोडवलं. तोही कोण, तर न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सच्या पलंगाच्या कारखान्यातला मेकॅनिक."

"पलंगाच्या कारखान्यात राहून जागा राहिला?" पक्या. "आपला वश्या असता तर…"

सुधा थांबते कुठली! "१८५७ साली ब्रॉडवेवर हॉवाउटच्या पाच मजली काचसामानाच्या दुकानात माणसांसाठी वाफेवरची लिफ्ट बसली. त्याआधी वरचे मजले स्वस्त, कारण जिने चढणार कोण! पुढे लिफ्ट आल्या आणि भाव उलटे झाले, वरचा मजला महाग. तुझं पोट तिथे दुखतंय. आज तुझी खोली माझ्यापेक्षा महाग आहे ना?"

वश्या गप्प. मग एकदम, "गणपतीच्या वर्गणीचा हिशोब तुझ्या नवऱ्याने अजून दिला नाही!"

"आणि २६ जुलैच्या पुरात तुझा फ्रिज चौथ्या मजल्यावर कोणी चढवला?"

"मी," पक्या म्हणाला. "कंबर अजून सांगते."

"तेव्हा लिफ्ट असती तर…" वश्या बोलून गेला आणि जीभ चावली. आम्ही इतके हसलो की टपरीवाल्याने पातेलं उतरवून काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही, चार कटिंगचे किती?"

"माझी धरू नका," वश्या म्हणाला. "कंगवा पडला, मी प्यायलोच नाही. मी का देऊ?"