एष्टी चुकतीय का तुझी?

'वाचनगती असमाधानकारक. शिक्षिकेने विशेष प्रयत्न करावेत.' शेरेबुकात हे लिहून, वर माझाच चहा पिऊन साहेब गेले. मी अजून तणतणतेय.

दुसरीच्या पोरानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द अचूक वाचायचे, हे निपुण भारत या सरकारी वाचन-गणित मोहिमेचं लक्ष्य. असू दे बापडं. पण साहेबांनी मोबाईलचं घड्याळ लावलं की पोराची वाचाच बसते.

त्यात आमचे एक आजोबा. नातवाला न्यायला शाळा सुटायच्या तासभर आधी येतात आणि खिडकीच्या गजाला धरून उभे राहतात. नातवानं "आ...ई..." सुरू केलं तोच बाहेरून आवाज, "सावकाश रं! एष्टी चुकतीय का तुझी?"

"आजोबा, वेळ चालू आहे."

"मग थांबवा की. घड्याळ तुमचंच हाय न्हवं?"

पोरगं खुदकन हसलं, मग 'आई म्हणाली, इकडे ये' हे त्यानं झोकात वाचलं, "आय म्हणली, हिकडं ये." चार शब्दांत तीन फुल्या! आजोबा भडकले. "आयनं बोलावलंय हे कळलं का न्हाई त्याला? मग फुली कशाची?"

(हा प्रश्न मला विचारायचा होता. मला नोकरी आहे.)

"तुम्हीच वाचा मग," साहेब म्हणाले. चूक केली. आजोबा आत आले, कागद कपाळाला लावला आणि पोथीच्या चालीत सुरू झाले. दर शब्दाला हेल, दर ओळीला निरूपण. मिनिट संपलं तेव्हा स्वारी दुसऱ्या ओळीवर होती आणि वर्ग चिडीचूप. माझ्यासमोर कधी एवढा गप्प बसत नाही, मेला.

त्यापेक्षा ते 'असर' पाहणीवाले परवडले, पोरांना वाचता येतं का ते तपासणारे. २००५ पासून गावोगाव फिरतात, घरी जाऊन मुलांकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचून घेतात. घड्याळ नाही. परिच्छेदात तीन चुका माफ, फक्त वाक्य वाक्यासारखं वाचायचं. अर्थात त्यांचा अहवाल पेपरात आला की गाव आम्हालाच धुतं, ते वेगळं.

आता प्रत्येक पोराची गती लिंकवर भरायची, आजच्या आज. शाळेत रेंज नाही, ती मिळते पाण्याच्या टाकीपाशी. मी तिथं हात उंच करून उभी असते तेव्हा दुसरीला कोण शिकवतं, याचा रकाना कुठल्याच लिंकमध्ये नाही. कालपासून आजोबा शिकवतात.