म्हणे पॉप ९५ सालीच जन्माला आलं!

परवा पुन्हा तेच, मित्राच्या गच्चीवर गप्पा मस्त रंगलेल्या आणि एकाने सुरू केलं, आपल्याकडे पॉप आलं ते १९९५ ला, अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' अल्बममुळे. अरे बाबांनो! अलिशा मलाही आवडते, प्रश्न तो नाहीये, पण गायिका नाझिया हसन कुठे गेली? १९८० ला 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं तेव्हा पोरगी १५ वर्षांची होती, पुढच्याच वर्षी तिचा 'डिस्को दीवाने' अल्बम. आणि गंमत म्हणजे या सगळ्याच्या मागे माणूस एकच, संगीतकार बिड्डू, जो त्याआधीच १९७४ ला तिकडे इंग्लंडात बसून 'कुंग फू फायटिंग' हे गाणं करून मोकळा झालेला. हे सांगितलं की उत्तर काय, "ती पाकिस्तानी ना, मग कशी मोजायची?" घ्या!! आमच्याकडे तिच्या कॅसेटची टेप दर आठवड्याला अडकायची आणि आई भोकात पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायची, मोजायची की नाही ते तिलाच विचारा म्हणावं. वर वीस मिनिटांनी हेच साहेब लकी अलीला "एका गाण्याचा माणूस" म्हणाले. मी सरळ उठलो आणि खाली भजी आणायला गेलो.