'नॅचरल' थायरॉईडची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे आणि तो सगळाच अनाठायी नाही. म्हणून दोन ओळींत 'धन्यवाद' लिहून मोकळा होत नाही, जरा सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मागच्या लेखात मी थायरॉक्सिनची गोळी (गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करते तेव्हा देतात ती) कशी घ्यायची ते सांगितलं, पण ती 'केमिकल' आहे हे सांगितलं नाही. न्यू जर्सीतली तुमची मावसबहीण 'नॅचरल' थायरॉईड घेते आणि तिचा थकवा पळाला. तुम्ही मात्र रोज गोळी घेता, टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) नॉर्मल येतो, तरी दुपारी अंग गळून जातं. आपल्याकडे ती नॅचरल गोळी येऊ देत नाहीत, कारण कंपन्यांचा धंदा बुडेल. आणि मी पडलो मेडिकलवाला, माझ्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची!

धंद्याचं आधी उरकतो. थायरॉक्सिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. दिवसाला दीड-दोन रुपयांच्या गोळीवर माझी माडी चढायची असती तर सांगलीतले निम्मे मेडिकलवाले बंगल्यात राहिले असते. केस गळतीच्या आणि 'थायरॉईड सपोर्ट'च्या डब्यांत आम्हाला याच्या कितीतरी पट सुटतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या बहिणीची गोळी म्हणजे डुकराची थायरॉईड ग्रंथी. वाळवायची, चरबी काढायची, भुकटी करून गोळी पाडायची. तिचा इतिहास मोठा आहे आणि मला त्याबद्दल आदरच आहे. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी सूज येऊन सुस्त झालेल्या, ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्या काळी अशा रोग्याच्या वाट्याला फक्त मरणाची वाट बघणं असायचं. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षं जगभर जनावराची ग्रंथीच औषध म्हणून चालली. अमेरिकेत ती आजही 'आर्मर' या नावाने मिळते. हे आर्मर कोण? शिकागोचे मोठे कत्तलखानेवाले. कापलेल्या डुकरांच्या ग्रंथी वाया जाऊ नयेत म्हणून औषधात उतरलेले. तेव्हा कंपनीचा धंदा दोन्हीकडे आहे, ताई. (माझ्याकडे 'जिलेटिनची कॅप्सूल नको, आम्ही शाकाहारी' म्हणणारी मंडळी येतात. त्यातलेच काहीजण ही नॅचरल गोळी मागवून द्याल का विचारतात. कशापासून बनते ते सांगितलं की विषय बदलतो.)

आणि 'केमिकल' गोळी? एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन पहिल्यांदा शुद्ध रूपात काढलं तेही डुकरांच्या ग्रंथींतूनच. टनावारी ग्रंथी उकळून हाती आलं ते काही ग्रॅम. १९२६ मध्ये हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि १९२७ मध्ये बार्जर यांच्यासोबत ते प्रयोगशाळेत बनवलं. आज तुमच्या डबीत जे आहे ते हेच. तुमच्या स्वतःच्या गळ्यातली ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते आणि गोळीत जे आहे, त्यांच्या रेणूत फरक नाही. रेणूत आयोडीनचे चार अणू, म्हणून टी-४. शरीराला ते कुठून आलं हे ओळखता येत नाही.

डुकराच्या गोळीत टी-४ बरोबर टी-३ सुद्धा असतं, तयार, जोरकस हार्मोन. तुमच्या बहिणीला जो फरक वाटला तो बहुधा याचा. पण प्रमाण बघा. एका ग्रेनच्या, म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅमच्या गोळीत ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असतं. म्हणजे चारास एक. माणसाची ग्रंथी सोडते ते साधारण चौदास एक. डुकरासाठी ते नैसर्गिक आहे यात वादच नाही. आपल्या शरीरातलं बहुतेक टी-३ ग्रंथीत बनतच नाही. यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणी टी-४ चा एक आयोडीन काढून ते गरजेप्रमाणे तयार होतं. टी-४ रक्तात आठवडाभर रेंगाळतं, म्हणून एखादी गोळी चुकली तरी आभाळ कोसळत नाही. टी-३ मात्र गोळी घेतल्यावर काही तासांत चढतं आणि दिवसभरात उतरतं. त्या चढाला काहींना तरतरी वाटते, काहींना धडधड होते. साठी ओलांडलेल्यांत ही धडधड हृदयाचा ठोका अनियमित होण्यापर्यंत जाऊ शकते, आणि वर्षानुवर्षं मात्रा जास्त राहिली तर हाडं ठिसूळ होतात.

म्हणजे तुमच्या बहिणीचं खोटं आहे का? नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ७० रुग्णांवर एक नीट अभ्यास झाला. प्रत्येकाने काही महिने एक गोळी, काही महिने दुसरी घेतली, कोणती चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही. टीएसएच दोन्हीकडे सारखा राखला. लक्षणांत, जगण्याच्या दर्जात एकूण फरक दिसला नाही. वजन मात्र डुकराच्या गोळीवर दीडेक किलो कमी भरलं, आणि शेवटी 'कोणती बरी वाटली' विचारल्यावर ३४ जणांनी तीच निवडली, १३ जणांनी थायरॉक्सिन, बाकीच्यांना फरक नव्हता. हा आकडा मी लपवणार नाही. टीएसएच नॉर्मल असूनही दहातल्या एखाद्याला बरं वाटत नाही, हे आता डॉक्टरही मान्य करतात. अशांसाठी टी-४ च्या जोडीला मोजून-मापून टी-३ देऊन पाहावं का, हा खरा प्रश्न आहे आणि तो एंडोक्रायनॉलॉजिस्टपुढे (हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांपुढे) जरूर मांडा. त्यासाठी डुक्कर लागत नाही.

आणि मोजमाप महत्त्वाचं अशासाठी, की इथे सगळा खेळ मायक्रोग्रॅमचा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतच या वाळवलेल्या गोळ्यांच्या बऱ्याच बॅचेस बाजारातून परत घ्याव्या लागल्या, काहींत हार्मोन लिहिल्यापेक्षा जास्त, काहींत कमी. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, या गोळीला कधी रीतसर मंजुरी दिलेलीच नाही. जुन्या काळापासून चालत आली म्हणून चालते. कृत्रिम गोळीही काही सोवळी नव्हती. तिच्याही मात्रेत गोंधळ व्हायचा, म्हणून १९९७ मध्ये एफडीएने सर्व कंपन्यांना नव्याने परवानगी घ्यायला लावली.

तुमच्या थकव्याकडे येतो. काउंटरवर मी काय बघतो ते सांगतो. सकाळी गोळी, मागोमाग दुधाचा चहा, आणि डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहिलेलं लोह आणि कॅल्शियम 'एकदाच सगळं उरकू' म्हणून त्याच घोटाबरोबर. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात अडवतात, चार तासांचं अंतर हवं. टीएसएच वाढतो, गोळी ७५ मायक्रोग्रॅमची १०० होते, आणि मग कधीतरी कॅल्शियम संपलं की तीच गोळी जास्त पडते. डबी गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, आतली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी फेकून दिलेली, मग उष्णतेने आणि दमटपणाने गोळीची ताकद उतरते. यातलं तुमच्याकडे काही नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ बघा. थकव्याचं खापर दरवेळी थायरॉईडच्याच डोक्यावर फोडता येत नाही.

आयुर्वेदातलं कांचनार गुग्गुळ चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. त्यात थायरॉक्सिन नाही. ग्रंथीच काढली असेल किंवा हाशिमोटो नावाच्या आजारात स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ती खाल्ली असेल, तर वनस्पती ती उणीव भरून काढू शकत नाही. वैद्यांकडून घेत असाल तर गोळी बंद न करता, आणि डॉक्टरांना सांगून. पण 'थायरॉईड सपोर्ट' लिहिलेल्या परदेशी डब्यांपासून लांब राहा. २०१३ मध्येच अमेरिकेत अशी दहा उत्पादनं तपासली, तर नऊंमध्ये टी-३ निघालं. आराम का पडतो ते कळलं ना!

आणि बहीण दिवाळीला येताना बॅगेत चार बाटल्या आणणार आहे म्हणालात, त्याबद्दल. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या कोणीही घरात ती घेऊ नये, बाळाच्या मेंदूला आईचं टी-४ लागतं आणि त्या गोळीत ते तुलनेने तोकडं पडतं. तुम्ही स्वतः घेणारच असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉक्सिनची गोळी वर चालू ठेवू नका. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बरोबर टी-३ पण करा, आणि त्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते दोन दिवस आधी बंद, नाहीतर रिपोर्ट भलताच येईल आणि मात्रा उगाच बदलली जाईल.