आत्याचं शून्याचं तिकीट

माझी आत्या सटाण्याला राहते. वय 79. तिच्या बटव्यात दोन गोष्टी कायम असतात, सप्तशृंगीच्या अंगाऱ्याची पुडी आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं आधार कार्ड. पुडी देवीसाठी आणि कार्ड कंडक्टरसाठी, असं ती सांगते.

यंदा मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी अमेरिकेतल्या कोलंबसहून नाशिकला आले, ती या वेळी हॉल घ्यायचा नाही असं ठरवूनच. मागच्या दोन्ही खेपांना आम्ही गंगापूर रोडला हॉल घेऊन सगळ्या नातेवाइकांना एका दुपारी बोलावलं होतं. शंभरेक माणसं, प्रत्येकाशी दोन मिनिटं, 'किती बारीक झालीस', फोटो, आमरस, झालं. कोणाच्या घरात दुखणं आहे, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं नाही, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे हॉलमध्ये कळत नाही. त्यासाठी माणसाच्या ओट्यावर बसावं लागतं. म्हणून भावाची गाडी घेतली आणि सहा दिवसांचा बेत आखला: दिंडोरी, वणीवरून कळवण, मग सटाणा, देवळा, मालेगाव, तिथून मनमाड, येवला आणि लासलगाव-निफाडवरून परत.

आत्याला फोनवर म्हटलं, तुला सटाण्याहून गाडीत घेते. ती म्हणाली, "कशाला? मीच येते नाशिकला, तिथून बरोबर निघू. एसटी काय पळून चालली?" आणि आली. मी सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मुख्य एसटी स्टँडवर, घ्यायला गेले तर ती आधीच उतरून सावलीत बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत कुरडया.

आता ज्या वादासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं एक विषय पुन्हा पुन्हा येतो. राज्य सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट केलं. माझा पुण्याचा चुलतभाऊ यावर फार संतापतो. फुकटेगिरीमुळे एसटी बुडाली, गाडीत जागा मिळत नाही, जानेवारी 2025 मध्ये जवळपास 15 टक्के भाडेवाढ झाली ती आमच्या खिशातून गेली, असं तो लिहितो. त्याच्या अशाच एका मेसेजला मी कोलंबसमधून अंगठ्याचा इमोजी टाकून दुजोरा दिला होता. कर भरणाऱ्या माणसाची ती रास्त तक्रार आहे, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं. या सहा दिवसांनंतर तसं वाटत नाही, आणि ते मला त्याच्यासकट सगळ्यांना सांगायचं आहे.

पहिला मुक्काम कळवणला चुलतबहिणीकडे. मागच्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. आत्या तेव्हा तिच्याकडे नऊ दिवस राहिली होती. स्वयंपाक केला, मुलांचे डबे केले आणि दहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने घरी गेली. मी विचारलं, तुला कोणी आणायला आलं होतं का? आत्याला प्रश्नच कळला नाही. कळवण-सटाणा गाडी आहे की, असं उत्तर मिळालं.

मग प्रत्येक घरी तेच होत गेलं. उमराण्याला माझी शाळेतली मैत्रीण असते. कांद्याची चाळ भरलेली, पोरं उन्हाळ कांदा निवडत बसलेली. पस्तीस वर्षांनी मी तिच्या दारात उभी, आणि ती मला मिठी मारायच्या आधी माझ्या आत्याच्या पाया पडली. "आत्या येतात ना वर्षातून दोनदा," ती म्हणाली, "तुझी खबर त्यांच्याकडूनच कळते." माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती ते महिने, माझ्या मुलीचं गुडघ्याचं दुखणं, सगळं तिला ठाऊक. मी तिला एकदाही फोन केला नव्हता. आमची मैत्री एका म्हातारीने जिवंत ठेवली होती, एसटीने जाऊन-येऊन.

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, घरी अजून अहिराणी बोलतात. आत्या पंचवटीत वाढलेली, पण लग्नानंतर तिची बोली पार बदलली. मालेगावला मोसम नदीच्या पुलाजवळ गाडी थांबवली, तर रसाच्या दुकानातला म्हातारा तिला ओळखून म्हणाला, "कव्हय उनी वं माय?" म्हणजे कधी आलीस गं माय, आणि माझ्याकडे बघून आत्याला विचारलं, ही कोण, तुमची अमेरिकावाली का? त्यालाही माहीत. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते. मालेगावचा पारा मे महिन्यात 42-43 ला सहज जातो, आणि अशा उन्हात ही बाई इथे गाडी बदलायला उतरते, रस पिते, पुढची गाडी धरते.

रात्री सटाण्याला गच्चीवर पडल्या पडल्या मी तिला विचारलं, तिकीट मोफत नव्हतं तेव्हा काय करायचीस? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागावं लागायचं." नाशिकला जाऊन-येऊन तिकिटाचे पैसे. मुलगा चांगला आहे, कधी नाही म्हणाला नाही. पण मागताना सांगावं लागायचं, कुठे चाललीस, कशाला, कालच तर गेली होतीस ना. "आता नुसतं सांगते, येते म्हणून." सत्तरी ओलांडलेल्या बाईला विचारणं आणि सांगणं यातला हा फरक काय वाटत असेल, ते तिच्या आवाजात होतं. मला ते शब्दांत पकडता येत नाही.

येवल्याजवळ अंदरसूलला मामीकडे गेलो, तर मामीची सून हेच वेगळ्या तोंडाने सांगू लागली. तिचं माहेर चाळीसगावचं. निम्मं तिकीट झाल्यापासून ती दिवाळी आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यांशिवायही जाते. आईला बरं नसलं की दोन दिवसांसाठी जाते. आधी दोन मुलींना घेऊन जायचं म्हटलं की नवऱ्याच्या खिशाकडे बघून बेत रद्द व्हायचा. आपल्याकडे माहेरपणाचं कौतुक ओव्यांमध्ये खूप आहे, पण माहेरी जायला पैसे लागतात आणि ते बाईच्या हातात नसतात, हे कौतुक करताना कोणी बोलत नाही.

आता माझ्या गावाचं सांगते. कोलंबस ही ओहायो राज्याची राजधानी, मोठं आणि भरभराटीचं शहर. इथून शेवटची प्रवासी रेल्वे 1979 साली सुटली, त्यानंतर एकही नाही. शहरात बस आहे, दुसऱ्या शहरांत जाणाऱ्या काही खासगी बसही आहेत, पण लहान गावातल्या बहिणीच्या घरी सकाळी निघून संध्याकाळी पोचावं अशी सोय नाही. रस्ते मात्र असे, की पोटातलं पाणी हलत नाही. उन्हाळ्यात आम्ही मित्रमंडळींना भेटायला शिकागोला साडेपाचशे किलोमीटर सहज जातो आणि अशा प्रवासांची तिथे सगळ्यांनाच हौस. हातात स्टिअरिंग आहे तोवर हे सुख खरंच मोठं आहे.

माझी शेजारीण 82 वर्षांची आहे. डोळे अधू झाले, डॉक्टरांनी सांगितलं आणि तिने गाडीच्या किल्ल्या मुलाकडे दिल्या. तिची धाकटी बहीण टोलीडोला असते. अंतर सव्वादोनशे किलोमीटर, नाशिक-पुणे म्हणा ना. दोन वर्षं झाली, दोघी भेटलेल्या नाहीत. मुलाला सुट्टी मिळत नाही, बहिणीलाही गाडी चालवता येत नाही. रविवारी त्या फोनवर बोलतात. शेजारणीच्या घरात पैशाची ददात नाही, फ्रीज माझ्यापेक्षा मोठा आहे. निघायची वेळ आली की मात्र ती कोणाच्या तरी तोंडाकडे बघते. मी तिला दोनदा घेऊन जाते म्हटलं. ती नको म्हणाली, कारण तिला ते उपकार वाटतात. आत्याचं 'आता नुसतं सांगते' हे वाक्य ऐकलं तेव्हा मला हीच आठवली.

पुण्याच्या भावाचे मुद्दे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. सटाणा स्टँडवर मी स्वतः पाहिलं, गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात, आणि पूर्ण तिकीट काढलेला माणूस उभा राहतो. गाड्या जुन्या आहेत. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात आत्या जात नाही, म्हणून प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. मे महिन्यात! सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत तर कामगारांचा पगार रखडतो, यात कामगाराचा काय दोष? पण या सगळ्या तक्रारी गाड्या वाढवा, पैसे वेळेवर द्या, स्टँड स्वच्छ ठेवा अशा आहेत. म्हाताऱ्यांना घरी बसवा असं त्यातून निघत नाही. भाऊ नेमका तिथे उडी मारतो.

आणि तो ज्याला फुकट म्हणतो, त्याचा हिशेब त्याने एकदा आमच्याच घरापुरता करावा. कळवणच्या बहिणीला नऊ दिवस बाई ठेवावी लागली असती तर किती गेले असते? त्याच्या स्वतःच्या आईला तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तो पुण्याहून शनिवारी यायचा. सोमवार ते शुक्रवार तिच्या उशाशी कोण होतं? सटाण्याहून आलेली आत्या. हे मी त्याला फोनवर म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ताई, ते मी विसरलो नाही गं.

नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 एसटीचा मोठा संप चालला. एसटीचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, या मागणीसाठी कामगार बसले होते, त्यांची बाजूही समजण्यासारखी होती. त्या महिन्यांत आत्या सटाण्याच्या बाहेर पडली नाही. त्याच हिवाळ्यात तिची नणंद मनमाडला वारली, आणि आत्या दहाव्यालासुद्धा पोचली नाही. खासगी जीपवाला दुप्पट मागत होता, शिवाय त्या दाटीत बसणं तिला जमलं नसतं. मनमाडच्या त्या घरी आम्ही या वेळी गेलो. आत्या आधी आतल्या खोलीत जाऊन नणंदेच्या फोटोसमोर बसली, एकटीच. आम्ही बाहेर चहा घेतला.

समृद्धी महामार्गाचं कौतुक मलाही आहे. 701 किलोमीटरचा रस्ता, जून 2025 मध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि मुंबईहून येताना कसाऱ्याजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून आम्ही घाट न चढताच वर आलो. पण माझी सगळी माणसं राहतात त्या गावांना हा रस्ता लागत नाही. तिथे वणीचा रस्ता, देवळ्याचा रस्ता आणि त्यावरून तासा-दीड तासाने येणारी लाल गाडी आहे. ग्रुपवर समृद्धीचे व्हिडिओ रोज येतात, त्या गाडीची आठवण फक्त तिकिटावरून भांडायला निघते. मला वाटतं, परदेशातून आम्ही गावाबद्दल बोलतो तेव्हा आमचीही नजर मोठ्या रस्त्यावरच असते, कारण विमानतळावरून आम्ही त्यानेच येतो.

परतायच्या आदल्या दिवशी आत्याला म्हटलं, आता उन्हाचं मी सोडते तुला सटाण्यापर्यंत. तिने नाही म्हटलं. वाटेत देवळ्याला उतरायचं होतं, तिथे पुतणीच्या मुलीला सातवा महिना आहे, तिला डोहाळ्याचं काहीतरी द्यायचं. माझ्या गाडीने गेली तर थांबायला संकोच वाटेल म्हणाली. सकाळी साडेसातला मी तिला सीबीएसवर सोडलं. पिशवीत आता कुरडयांऐवजी मी आणलेले बदाम आणि भावाच्या झाडाच्या कैऱ्या. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, तिने कार्ड काढलं, त्याने ते न बघताच मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "आजी, सटाणा ना?"

"नाही रे बाबा, आज देवळा," ती म्हणाली, आणि तिकिटाची घडी करून अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली.