समई, डिप्पर आणि टेलचा शेतकरी

आमच्या पिकअपच्या हेडलाईटला बायको समई म्हणायची. कौतुकानं नाही. रात्री नऊ-साडेनवाला कोथिंबीर-मेथी भरून ओतूरवरून कल्याण मार्केटला निघालो की दारात उभी राहून विचारणार, "तेल घातलं का समईत?" मी म्हणायचो, गाडी जुनी झाली आता, चालायचंच.

पण चालत नव्हतं. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला रात्री रस्त्यात काही बसलेलं दिसलं की प्रश्न एकच, कुत्रं का बिबट्या. लाईट बरा असला तर ठिपके दिसतात आणि विषय संपतो. आमच्या समईत फक्त "काहीतरी हाय" एवढंच कळायचं. एकदा मढच्या अलीकडं असंच काहीतरी दिसलं म्हणून काचा वर करून दहा मिनिटं श्वास धरून बसलो, शेवटी ते उठलं, अंग झाडलं, आणि शेपूट हलवत माझ्याच दरवाज्याशी येऊन बिस्किटाच्या आशेनं बघायला लागलं. मार्केटला उशीर झाला, आता व्यापाऱ्याला काय कारण सांगणार?

त्यात पुढं माळशेज. पावसाळ्यात घाटात धुकं पडतं असं लोक म्हणतात, फिरायला येणारे लोक. आम्हाला तिथं ढग रस्त्यावर मांडी घालून बसलेला असतो आणि त्याच्या मांडीवरून गाडी न्यायची असते.

तर लाईट बदलायचे ठरले. ठरवलं बंड्यानं. बंड्या माझा चुलतभाऊ, शिक्षण बारावी नापास पण मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून आता इंजिनिअर झालाय. त्यानं सांगितलं, "दादा, आपल्याला एच-फोरचा बल्ब हाय, 60/55 वॅटचा. म्हणजे अप्परला, लांबच्या झोताला, 60 आन डिप्परला, खालच्या झोताला, 55. त्याच्या जागी 100/90 चा टाकू. डायरेक्ट बसतो." डायरेक्ट बसतो हे दोन शब्द ज्या माणसानं शोधून काढले त्याला मला एकदा भेटायचंय.

बसला मात्र डायरेक्ट. पहिले दोन दिवस काय तो उजेड. तिसऱ्या रात्री सरळगावच्या अलीकडं केबिनमध्ये वास यायला लागला. मला वाटलं कोणीतरी रस्त्याकडेला प्लास्टिक जाळतंय. पाच किलोमीटर मी त्या जाळणाऱ्याला शिव्या देत होतो, आणि वास काही मागं पडेना. शेवटी बॉनेट उघडलं तर बल्बचा कपलर, म्हणजे बल्बला वायरी जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा बसलेला. आता हिशोब बघा, 12 व्होल्टवर 60 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 10 अँपिअर, 100 चे दोन म्हणजे सोळा-सतरा, आणि वायर तीच, कंपनीनं 10 च्या हिशोबानं टाकलेली. पाऊण इंची पाईपला साडेसातची मोटर लावली तर पाईप फुटणार हे मी शेजाऱ्याला बांधावर उभा राहून शिकवतो. स्वतःच्या गाडीपाशी आलो की अक्कल गोठ्यात बांधून येतो.

नवीन कपलर बसवला आणि बंड्या म्हणाला, "दादा, चूक आपली झाली. एलईडी पायजे होती."

म्हणून पुण्याला नाना पेठेत. तिथं गाडीच्या सामानाची दुकानं एकाला एक चिकटून. एका दुकानात गेलो तर पोरगं विचारतं, "व्हाईट देऊ का आईस ब्लू?" म्हणलं, रस्ता दिसंल असा दे. त्यावर त्यानं बल्ब बॅटरीला जोडला आणि थेट माझ्या तोंडासमोर पेटवला. ही विक्रीची फार जबरदस्त पद्धत आहे, कारण त्यानंतर पाच मिनिटं गिऱ्हाईकाला किंमत वाचता येत नाही. मी हिरवे गोळे बघत बघत अठराशे रुपये मोजले. खोक्यावर लिहिलेलं 20,000 लुमेन. साध्या एच-फोरचा उजेड अप्परला 1650 आणि डिप्परला 1000 लुमेनच्या आसपास असतो हे मला नंतर कळलं, पण कळून तरी काय केलं असतं, 20,000 च घेतले असते. गॅरंटी विचारली तर म्हणाला गॅरंटी नाही, वॉरंटी आहे. वॉरंटी म्हणजे काय? तर "या की कधीपण."

बसवायला घेतले रविवारी सकाळी, पंधरा मिनिटांचं काम म्हणून. त्या एलईडी बल्बला मागं पंखा असतो, गरम होतो म्हणून. आमच्या बेडरूमचा पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे, तेव्हा बल्बला पंखा आहे ही गोष्ट घरात कळता कामा नये असं मी बंड्याला बजावून ठेवलं होतं. आता पंख्यामुळं बल्बची शेपटी झाली लांब, आणि मागचं रबरी टोपण काही बसेना. बंड्यानं टोपणाला कात्रीनं भोक पाडलं. मग राहिली ती बल्ब धरणारी तारेची क्लिप. ती दिसत नाही. हात बॅटरी आणि पत्र्याच्या मधून आत घालायचा, मनगट वाकडं करायचं, आणि डोळे मिटून बोटांनी तिचा आकडा खाचेत अडकवायचा. एकदा अडकली, मी खूश होऊन हात काढला, आणि टण्ण. क्लिप उडाली. बम्परात पडली का जमिनीवर का बंड्याच्या खिशात, काही पत्ता नाही. पाऊण तास आम्ही दोघं गाडीखाली पालथे, आणि दिवसाढवळ्या मोबाईलची बॅटरी लावून शोधतोय. बायको चहा घेऊन आली, वाकून बघितलं, म्हणाली, "लाईट बसवायला लाईट लागतोय व्हय? आन हा बारका पंखा कशाचा?"

संध्याकाळी पेटवले. समोर चिंच आहे आमच्या, जुनी, तिच्या शेंड्यावरचे बगळे उठून ओरडायला लागले. शेंडा इतका स्वच्छ की चिंचा मोजून घ्याव्या. बुंधा मात्र अंधारात. रस्ता तर विचारूच नका.

त्याचं कारण मला पुढं समजलं ते इथंच सांगून टाकतो. हेडलाईटमधला चकचकीत रिफ्लेक्टर हा बल्बची तार नेमकी कुठं असणार ते धरून बनवलेला असतो, आणि एच-फोरमध्ये डिप्परच्या तारेखाली एक बारीक पत्र्याची वाटी असते, नको तिकडं उजेड जाऊ नये म्हणून. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघाला नाही की रिफ्लेक्टर गोंधळतो आणि मिळेल त्याला उजेड वाटत सुटतो, निवडणुकीच्या आदल्या रात्रीसारखा. वर आमच्या हौद्यात दीड टन माल. मागचे पाटे बसले की गाडी नाक वर करणार. म्हणजे डिप्पर लावला तरी समोरच्याच्या थेट डोळ्यात.

समोरचे लोक काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जो येईल तो लाईटची उघडझाप करून डिपर मारतोय. टोकावड्याच्या पुढं एका एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी शेजारी उभी केली, वरून खिडकीतून माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "पाहुणं, कुठल्या मंडळाचं डेकोरेशन?"

आणि धुक्यात तर त्या पांढऱ्याफेक उजेडाचं काही चालतच नाही. गाडीतून गेला की धुक्यावर आपटून सगळा परत आपल्याच तोंडावर. दुधाच्या कॅनमध्ये उतरून वरून झाकण लावल्यासारखं वाटतं. लाईट बंद केल्यावर जास्त दिसत होतं, देवाशप्पथ. त्या रात्री एका दुधाच्या टँकरच्या मागच्या लाल दिव्याला धरून अख्खा घाट उतरलो. तो चुकला असता तर मीही त्याच्या पाठोपाठ श्रद्धेनं दरीत गेलो असतो. वर आठवड्यातच एक बल्ब खड्डा आला की डोळा मारायला लागला. बाजूनं जाणाऱ्या बायाबापड्यांचा काय गैरसमज व्हायचा.

मग आली पासिंगची तारीख. साहेब काही ओरडले नाहीत, "ओरिजनल बल्ब घालून या" म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं गेले. नियम असाय म्हणे की डिप्परचा झोत इतका खाली पाहिजे की गाडीसमोर 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणार नाही. घरी येऊन हिशोब केला तर आमच्या मंडळींचे डोळे बरोबर दीड मीटरवर येतात. तिला टेपानं मोजून अंगणात उभं केलं, लाईट लावले, विचारलं, काय दिसतंय?

"तुम्ही सोडून सगळं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या असंच. बरं वाटतंय."

शेवटी आळेफाट्याच्या चाचांकडं गेलो. वायरिंगचं काम करतात, बोलतात कमी. त्यांनी एलईडी काढून बाजूला ठेवले, जुना 60/55 लावला, गाडी चालू करायला लावली आणि मीटर घेतला. बॅटरीवर 14 व्होल्ट. बल्बच्या पायावर 11.9. "दोन व्होल्ट रस्त्यात गेले," चाचा म्हणाले. "बल्ब बिचारा काय करील?"

मला एकदम लख्ख समजलं. कॅनॉलला पाणी सुटलंय, आणि टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. माझा बल्ब टेलचा शेतकरी होता, आणि मी इतके दिवस त्यालाच आळशी म्हणत होतो. बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी पडलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. इथं पंधरा टक्के गळत होतं. स्टिअरिंगखालच्या स्विचमधून सगळा करंट फिरून येणार, वायरी बारीक, आणि अर्थिंगचा बोल्ट तर इतका गंजलेला की पाना लावल्यावर त्याचं डोकंच हातात आलं.

औषध म्हणजे रिले, थोड्याशा करंटनं चालू-बंद होणारा बारका स्विच. बॅटरीवरून जाड वायर थेट बल्बला, आणि स्विचनं फक्त रिलेला उठवायचं. दोन रिले, एक अप्परचा, एक डिप्परचा. त्याच्या पायांना नंबर असतात, 30, 85, 86, 87. सामान आणताना चुकायला नको म्हणून बंड्यानं ते तळहातावर लिहून घेतले आणि चहाच्या टपरीवर पैसे द्यायला हात पुढं केला. टपरीवाल्यानं नंबर वाचले, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "आजचा ओपन का काय?"

काच पिवळी पडली होती ती चाचांनी पाणी मारत पॉलिश पेपरनं घासली. (बंड्यानं आधी टूथपेस्ट लावून बघितली होती. काचेला वास चांगला येत होता.) सगळं मिळून सातशे चाळीस रुपये.

राहिलं फोकस लावणं. चाचा म्हणाले रिकाम्या गाडीवर लावू नको, रोजचा माल भर आणि मग लाव. म्हणून रात्री कांद्याच्या गोण्या भरून गाडी समाजमंदिराच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली. हेडलाईटच्या उंचीची रेघ खडूनं भिंतीवर, तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी, आणि मी पेचकस घेऊन मागचा स्क्रू फिरवतोय, अर्धा आटा वर, पाव आटा खाली. पाच मिनिटांत गावातली सगळी पोरं भिंतीसमोर जमून हरीण, कुत्रं, मोर करायला लागली. डावीकडं झोत थोडा वर चढतो, कडेनं चालणारा माणूस दिसावा म्हणून, तिथं एकजण आख्खा बिबट्या करत होता. ते हटायचे नाहीत आणि मला रेघ दिसायची नाही. साडेअकराला त्यांच्या आया येऊन कान धरून घेऊन गेल्या तेव्हा कुठं काम झालं.

एलईडी बल्ब बंड्यानं उदापूरच्या एकाला नऊशेला विकले. म्हणलं, जाऊ दे, निम्मे तरी सुटले.

परवा पहाटे मार्केट करून रिकामा घाट चढत होतो. माझे लाईट मस्त, पांढरी पट्टी अशी दोरी धरल्यासारखी दिसतेय, आणि वळणावर समोरून आला एकजण. डोळ्यापुढं सगळं पांढरं. मी डिपर मारतोय, हॉर्न मारतोय, तो तसाच. गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबून उभा राहिलो, तोंडात आलं ते सगळं बोलून घेतलं. आणि तेवढ्यात त्याला खड्डा आला, आणि त्याच्या एका लाईटनं मला डोळा मारला.

पिकअप शेजारी येऊन थांबली. मंडळाच्या डेकोरेशनचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, पण काच आधी त्याची खाली झाली.

"अरे दादा, तुम्ही होय! बल्ब लय भारी दिलं बरं का. साईड मागायलाच लागत नाय, समोरचं आपसूक थांबत्यात."